श्यामची आई आणि आपले निरूपण



कीर्तनात मातृभक्तीचा विषय निघाला की दोन दृष्टांत ठरलेले असतात. एक भक्तराज पुंडलिकाचा आणि दुसरा श्यामच्या आईचा. पहिला पुराणातला, दुसरा आमच्या दापोली तालुक्यातला. पुंडलिकरायाने आईबापांच्या सेवेसाठी देवाला विटेवर तिष्ठत ठेवले, हे सांगून झाले की बुवा एक पाऊल पुढे येतात. टाळ थांबतात, मृदंगावरचा हात नुसता फिरत राहतो. मग आंघोळ करून धोंडीवर ओल्या पायांनी उभा असलेला लहानगा श्याम आणि त्याच्या पायांना माती लागू नये म्हणून पदर पसरणारी ती माउली, असे चित्र मंडपात उभे राहते. बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागतात. पुढचे बोलणेही ठरलेले आहे. आई अशी असली म्हणजे मुलगा साने गुरुजी होतो. आज पोरे बिघडली, कारण आया तशा राहिल्या नाहीत.

या शेवटच्या बोलण्याबद्दल मला लिहायचे आहे. ते पुस्तकात नाही. पुस्तक जे सांगते त्याच्याशी ते जुळत नाही, आणि आपल्या ग्रंथांशीही जुळत नाही, असे माझे मत आहे.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले आणि ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, अशा या बेचाळीस रात्री आहेत. रचना आपल्या सप्ताहासारखीच: वेळ ठरलेली, श्रोते ठरलेले, सांगणारा सद्गदित. कीर्तनकाराला हे पुस्तक जवळचे वाटते ते यामुळेच. पुढे १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्याचा चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि तेव्हापासून पुष्कळांना पुस्तकाऐवजी चित्रपटच आठवतो. चित्रपटाला दोन-अडीच तास, आपल्यालाही रात्री नऊ ते अकरा. दोघांनीही तेच प्रसंग उचलले: पोहायला घाबरणाऱ्या श्यामला फोकाने मारणारी आई, पत्रावळ लावायला शिकणारा श्याम, ओले पाय. प्रसंग खरोखरच उत्तम आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्या मधल्या रात्री कोणी उघडत नाही.

त्या रात्रींची नावे पाहा. ‘पर्णकुटी’. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’. ‘गरिबांचे मनोरथ’. ‘वित्तहीनाची हेळणा’. ‘आईचे चिंतामय जीवन’. ‘तेल आहे तर मीठ नाही’. ‘अब्रूचे धिंडवडे’. बत्तिसाव्या रात्रीपासून सदतिसाव्या रात्रीपर्यंत सलग सहा रात्री कर्जाच्या आहेत. एके काळचे नावाजलेले घराणे, खोतीचा मान, मग भाऊबंदकी, वेगळे निघणे, मातीची झोपडी, वाढत जाणारे व्याज, दारात येऊन बसणारा सावकाराचा माणूस, आणि शेवटी जप्तीची दवंडी. पालगडसारख्या गावात ढोल वाजवून एखाद्याच्या घरावर टाच आली म्हणून पुकारले जाते, तेव्हा त्या घरातल्या बाईचे काय होत असेल? साने गुरुजींच्या मातोश्री १९१७ साली वारल्या. मुलाला अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. तो शिकायला दूर होता. आला तेव्हा त्याला आई दिसली नाही, तिची राख दिसली.

पुस्तक सलग वाचणाऱ्याला कळते की या बाईला नुसत्या आजाराने नेले नाही. ती पुण्यवान होती, व्रते पाळणारी होती, नवऱ्याला धरून होती, मुलांना वळण लावणारी होती. यातले काहीही सावकाराचे व्याज एका पैशाने कमी करू शकले नाही. चांगुलपणा एका घराचा असतो आणि कर्ज सगळ्या मुलखाच्या रीतीचे असते. कोकणातली खोती, पडके उत्पन्न, लग्नामुंजीत घराण्याच्या नावासाठी करावा लागणारा खर्च, कोर्टकचेऱ्या, या सगळ्यांनी मिळून ती माउली झिजवली. आपण मात्र तिला मंडपात उभी करतो तेव्हा हे सारे बाहेर ठेवून येतो.

आता थोडी शास्त्राची बाजू. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वर माउलींनी त्यावर विस्ताराने निरूपण केले आहे. ज्यांच्या नित्यपाठात ज्ञानेश्वरी आहे त्यांना ते ठाऊक आहे. दैव पाचांतले एक आहे, आणि क्रमाने शेवटचे. आपल्या कीर्तनात मात्र सुरुवात त्याच्यापासून होते आणि बहुधा शेवटही त्याच्यापाशीच. कोणी गरीब राहिला, प्रारब्ध. कोणाचा मुलगा वाया गेला, प्रारब्ध. आणि तेवढ्याने समाधान झाले नाही तर आईचे संस्कार. अधिष्ठान म्हणजे कर्म जिथे उभे राहते ती जागा. टीकाकार तिथे शरीर घेतात, तेच मुख्य. पण ज्या गावात, ज्या घरात, ज्या पंक्तीत ते शरीर वाढले त्याला वगळून शरीर कुठून आणायचे? आणि करणे, म्हणजे साधने, ती कोणाच्या हातात होती आणि कोणाच्या नव्हती, हे पाहिल्याशिवाय कर्त्याला बरा किंवा वाईट म्हणायचे कसे? माझे गुरुजी पाठ देताना म्हणत की पाचांतले एक धरून चौघांना सोडणारा कीर्तनकार म्हणजे एकाच टाळाने भजन करणारा. हसू येई, पण त्यांनी ते हसण्यासाठी सांगितले नव्हते.

‘श्यामची आई’ला ही पाच कारणे लावून पाहिली तर पुस्तक अधिक मोठे दिसते.

कर्त्याचीच गोष्ट घ्या. श्याम एकटा नव्हता. त्याच मांडीवर त्याचे भाऊ वाढले, अक्का वाढली. यशवंत बिचारा लहानपणीच गेला, त्याच्यावर एक सबंध रात्र आहे. जी मोठी झाली ती मुले सज्जन निघाली, संसार केले, घराचा भार उचलला. पण साने गुरुजी एकच झाला. आईच्या संस्कारानेच माणूस घडतो असे म्हटले तर एका आईची सगळी मुले सारखी घडायला हवीत. तशी ती घडत नाहीत, हे प्रत्येक घरात दिसते. श्यामच्या ठिकाणी मुळातच काही वेगळे होते. तो हळवा होता, हट्टी होता, मनाला लागले की रडणारा होता, प्रेमासाठी भुकेला होता. त्याने चोरीसुद्धा केली, आणि ती आईने पोटात घातली नाही. आईचे बोलणे सगळ्यांच्या कानावर पडले. ते आत कुठवर जाऊन रुजायचे, हे ज्याच्या त्याच्या मातीवर राहिले. हे गुरुजींनी लपवले नाही. आपण ते सांगत नाही, एवढेच.

आता पुस्तकातली पंचविसावी रात्र, ‘देवाला सारी प्रिय’. महारवाड्यातली एक म्हातारी लाकडांची मोळी डोक्यावरून पडली म्हणून वाटेत खोळंबली आहे. तिला हात लावायला कोणी तयार नाही. आई श्यामला पाठवते, मोळी उचलून दे म्हणते. देवाला सारी लेकरे सारखी, हे त्याला समजावते. आणि परत आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते.

हा प्रसंग कीर्तनात मी फार थोड्यांच्या तोंडी ऐकला, आणि ज्यांच्या तोंडी ऐकला त्यांनी आंघोळ गाळली होती. मला वाटते सबंध पुस्तकात याहून सत्य जागा नाही. एका बाईच्या एकाच बोलण्यात तिचे अंतःकरणही आहे आणि तिचा समाजही आहे. मोळी उचल, हे तिचे. आंघोळ कर, हे गावाचे. पण गाव तिच्यात इतके मुरले आहे की तिला त्यात विसंगती दिसत नाही. तिला दोष देण्याचे कारण नाही. त्या काळच्या पालगडात, त्या घरातल्या बाईने मुलाला अंगणाबाहेर त्या कामासाठी पाठवले, हेच पुष्कळ होते. लेखकालाही ती आंघोळ गाळता आली असती. आईला निर्दोष रंगवण्याचा मोह कोणाला नसतो? तो मोह त्यांनी टाळला. समीक्षकांनी गुरुजींना भाबडे म्हटले आहे. या जागी तरी ते भाबडे नाहीत.

या मुलाने पुढे काय केले हे वारकऱ्याला सांगायला नको, तरी सांगतो, कारण तरुण मंडळींना वर्ष विचारले तर येत नाही. पंढरीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण आरंभले. दहा दिवसांनी, १० मे रोजी ते सुटले, दार उघडण्याचे ठरले म्हणून. आईने मोळीपर्यंत नेले होते, मुलाने आंघोळ सोडून दिली आणि महाद्वारापर्यंत गेला. आईचा संस्कार खराच. पण त्यात तुरुंगातली सोबत होती, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने स्वतःच्या हाताने उतरवून घेणे होते, अंमळनेरच्या शाळेतली मुले होती, गांधीजींचा काळ होता. आणि त्या माणसाचा जात्याच असा स्वभाव होता की दुसऱ्याचा अपमान त्याला आपल्या अंगावर ओरखडा उठल्यासारखा जाणवे. हेच अंतःकरण पुढे त्यांना पेलवले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जीवन संपवले. कीर्तनात हा भाग सांगत नाहीत. सांगावा की नाही याबद्दल मतभेद असू शकतो, पण आई चांगली असली म्हणजे सगळे चांगले होते, असे ज्यांना म्हणायचे आहे त्यांनी तो मनात तरी धरावा.

आमच्या हर्णे बंदरावरून किनाऱ्याने दक्षिणेला निघाले की पायी जाण्याच्या अंतरावर मुरुड. तिथले धोंडो केशव कर्वे. त्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली निघाले. हे पुस्तक कीर्तनात कोणी घेत नाही, आणि घेण्यासारखे ते लिहिलेलेही नाही. त्यात रडणे नाही. हिशेबाच्या वहीसारखी भाषा. पण ‘श्यामची आई’च्या शेजारी ते ठेवून वाचावे. एकच तालुका, एकच जात, दोन्हीकडे ओढगस्तीचे घर, दोन्ही लेखकांच्या वयांत एकेचाळीस वर्षांचे अंतर, आणि माणसे किती निराळी.

कर्व्यांनी लहानपणची एक हकीकत दिली आहे. परीक्षेसाठी साताऱ्याला पोहोचायचे होते. समुद्राची वाट बंद, दिवस थोडे उरलेले. तेव्हा हा मुलगा सोबत्यांबरोबर पायी निघाला, कुंभार्ली घाट चढून शंभर मैलांहून जास्त चालला. पोहोचल्यावर परीक्षकांनी पाहिले आणि सांगितले, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, बसता येणार नाही. वय पुरे होते. अंगाने लहान होता, एवढाच अपराध. परत फिरला.

शरीराची ठेवण ही कोणाच्या संस्काराची गोष्ट नाही. पण तिने त्या मुलाच्या आयुष्यातले वर्ष खाल्ले. पुढे त्याने ती परीक्षा दिलीच. स्वतःबद्दल ते लिहितात की आपण लाजाळू, चारचौघांत बोलायची भीती वाटणारे. आणि हाच लाजाळू माणूस १८९३ साली विधवेशी लग्न करतो. मुरुडात सभा भरते. कर्वे ज्या बैठकीत असतील तिथे कोणी बसू नये, गावी आले तर त्यांना घरात घेणाऱ्यांनाही वाळीत टाकावे, असे ठरते. ज्या गावात देवीच्या देवळात बसून त्यांनी लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवले होते, तेच हे गाव. कर्व्यांनी हा ठराव रागाने लिहिलेला नाही. गावचे लोक दुष्ट होते असे ते म्हणत नाहीत. त्यांना ठाऊक होते की एकेकटा भेटला तर त्यांतला निम्मा गाव हळहळला असता. सभेत बसला की तोच माणूस सभेसारखा बोलतो. मंडपात बसणाऱ्यांनाही याचा अनुभव असेल.

श्यामला हे झाले असते तर तो रडला असता, आणि ते रडणे आपल्याला भिडले असते. कर्वे पुण्याला गेले, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, १९५८ साली भारतरत्न झाले, आणि १९६२ साली एकशे चारव्या वर्षी गेले. एका स्वभावाला घाव लागला की तो पाझरतो, दुसरा मुका होऊन कामाला लागतो. कोणता श्रेष्ठ हे ठरवण्याचे काम माझे नव्हे.

ज्यांच्याशी लग्न केले त्या आनंदीबाई कर्व्यांचेही पुस्तक आहे, ‘माझे पुराण’ नावाचे. बाल्यातच वैधव्य आलेली देवरुखकडची ही बाई. नवऱ्याच्या पुस्तकात जे एका ओळीत येते ते त्यांच्या पुस्तकात चुलीजवळून दिसते. आश्रमाच्या ओढीत संसाराला काय कमी पडले, पोरांचे कसे केले. मातृदिनाला आपल्या सांप्रदायिक अंकांत लेख येतात, त्यांत या बाईचे नाव मला आढळले नाही. वाचकांनी पुस्तक मिळवून वाचावे. लहान आहे, आणि बाई फटकळ असल्यामुळे वाचवतेही.

दापोली तालुक्याच्या सीमेला लागून मंडणगड. तिथले आंबडवे हे डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचे वडील रामजी सुभेदार पलटणीतून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीत राहत होते. कबीरपंथी माणूस, घरात भजन, मुलांना पाठांतर. संस्कार म्हणाल तर आपल्या कोणत्याही वारकरी घरात याहून जास्त नसतील. पण त्या घराच्या आणि शाळेच्या फळ्याच्या मध्ये जे उभे होते ते श्यामच्या घरापुढे नव्हते आणि कर्व्यांच्याही नव्हते. कर्व्यांना परीक्षक म्हणाला, लहान दिसतोस. पुढच्या खेपेला ते मोठे दिसणार होते. जातीला पुढची खेप नसते. ‘श्यामची आई’ आणि ‘आत्मवृत्त’ या दोन्ही पुस्तकांना ही एक मर्यादा आहे, आणि ती सांगितली पाहिजे. खोताच्या घरात मीठ नव्हते त्या दिवशी त्याच्या कुळाच्या घरात काय होते, हे श्याम विचारत नाही. खोती मोडावी म्हणून आंबेडकरांनी १९३७ साली विधेयक मांडले. खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. त्या कुळांतल्या आयांचे पुस्तक कोणी लिहिले नाही.

आणि हे बाहेरचे झाले. आपल्या गाथेत काय आहे?

चोखोबांचे घर पाहा. चोखोबा, सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. सगळे अभंग रचणारे. एकच घर, एकच नाम, एकच बंद दार. चोखोबा आपल्या जन्माचा उलगडा मागच्या कर्माने करतात, स्वतःकडे कमीपणा घेतात, आणि तरी प्रेमाने दारात उभे राहतात. कर्ममेळा तसे करत नाही. तो देवाला जाब विचारतो. आम्हाला असे का केलेस, आमच्या वाट्याला हे का, असा त्याचा सूर आहे, आणि त्यात गोडवा आणण्याचा तो प्रयत्नही करत नाही. बापलेकांत हा फरक कुठून आला? समाज दोघांना सारखाच होता, आई घरात सोयराबाईसारखी होती. स्वभावभेद म्हणतात तो हा. सातशे वर्षांपूर्वी आपल्या संतांनी तो गाथेत जसाच्या तसा राहू दिला, दोघांपैकी कोणालाही गप्प केले नाही.

गप्प केले ते आपण. सप्ताहात चोखोबांचा अभंग सेवेला घेतात. नम्रतेचा असला तर विशेष. कर्ममेळ्याचा अभंग घेतलेला किती जणांनी ऐकला आहे? प्रारब्धाचे निरूपण सोपे जाते म्हणून चोखोबा, आणि अवघड जाते म्हणून कर्ममेळा नको, असे तर होत नाही ना? आंबेडकरांनी ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग छापला होता, ‘बहिष्कृत भारत’वर माउलींच्या ओव्या, आणि १९४८ साली अस्पृश्यांवरचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. ज्याला आपण आत घेतले नाही तो आपलीच शिदोरी बांधून निघाला होता.

कोणी पूर्वपक्ष करील की असे बोलून तुम्ही माणसाच्या हातातले कर्तृत्व काढून घेता. दारुड्याला समाजाचे निमित्त मिळेल, आळशाला परिस्थितीचे. आक्षेप योग्य आहे. संचित आणि प्रारब्ध यांच्याबरोबर क्रियमाण आहेच, आणि ते ज्याचे त्याने करायचे आहे. श्यामने चोरी केली तेव्हा आईने परिस्थितीचे निमित्त चालू दिले नाही. माझे म्हणणे एवढेच की मुलाच्या क्रियमाणाचा जाब आईला विचारू नये, आणि सावकाराच्या व्याजाचा जाब तिच्या संस्काराला विचारू नये. ज्याचा हिशेब त्याच्या नावावर लिहावा.

काही वर्षांपूर्वी या बाजूच्या एका गावात सप्ताह होता. बुवा तरुण, गळा उत्तम, पाठांतर चांगले. त्यांनी वर सांगितले तेच सांगितले आणि बायकांच्या बाजूला हात करून विचारले, तुमच्यात श्यामची आई किती जणी आहेत? सभामंडप चूप. कीर्तन झाल्यावर बुक्का लावून घ्यायला एक कोळीण माझ्याजवळ आली. बंदरावर माशांच्या लिलावात उभी राहणारी, पाटी वाहून मान ताठ झालेली. तिचा थोरला तांडेल आहे, गळ्यात माळ आहे, आषाढी चुकवत नाही. पावसाळ्याच्या दोन महिन्यांत मासेमारी बंद असते, होड्या ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा आमच्या बंदरावरच्या माळकऱ्यांना वारी साधते. धाकटा मात्र बाटलीच्या नादी लागला. ती म्हणाली, “बुवा, श्यामच्या आईला पहाटे बंदरावर जायला लागायचं का?” मी काही बोललो नाही. मग म्हणाली, “धाकटा माझ्यामुळे बिघडला म्हणता, असेल. पण थोरलाही माझाच. त्याचं पुण्य कोणी मला दिलं नाही.”

तिला पाच कारणे कोणी शिकवली नव्हती. थोरला बापाबरोबर लहान वयात होडीवर गेला, तांडेलाच्या हाताखाली शिकला. धाकट्याच्या वेळी बाप राहिला नव्हता, होडीवर कर्ज होते, आणि पोराला मुंबईत एका खोलीत दहा जणांत राहून मिळेल ते काम करावे लागले. शिवाय थोरला मुळात शांत आणि धाकटा मुळात चटकन पेटणारा, हे तिनेच सांगितले. आईने दोघांना सारखीच भाकरी घातली होती. अशा बाईला मंडपात मान खाली घालायला लावून आपण कोणता परमार्थ करतो? श्यामच्या आईला सावकाराच्या माणसाने दारात येऊन बोल लावले, ते वाचून आपण रडतो. आणि दुसऱ्याच वाक्याला आपण स्वतः एका आईच्या दारात जाऊन उभे राहतो.

नव्या कीर्तनकारांना काही सुचवतो. ‘श्यामची आई’ घ्यावीच. पण ओल्या पायांबरोबर पंचविसावी रात्र घ्यावी, आंघोळीसकट. सदतिसावी रात्र घ्यावी आणि तिथे थांबून दवंडीचा ढोल मृदंगावर वाजवायला सांगावा. मी हे दोनदा केले आहे. मृदंगाचार्य आधी नाखूश असतात, मग त्यांनाच त्याची गोडी लागते. लोक रडतील की नाही सांगता येत नाही. पहिल्या खेपेला मंडपात नुसती शांतता होती, आणि मागच्या बाजूला बसलेले दोन-तीन पुरुष बराच वेळ उठले नाहीत.

आणि कर्ममेळ्याचा अभंग. पुढच्या कार्तिकीला कोणी फडावर सेवेला घेणार असेल तर त्याने मला आधी कळवावे. मी आता कीर्तनाला उभा राहत नाही, पण गुडघे साथ देतात तोवर मागच्या ओळीत टाळ धरता येतो.